मामांच्या स्वादुपिंडात 1.4 सेमीची गाठ, रिपोर्ट कोणी समजावून सांगता का?

डवरेवाला:
नमस्कार मंडळी, आर्णी तालुक्यातून लिहून राहिलो. मामा (52) दोन वर्षांपासून सकाळी उपाशीपोटी डवऱ्यामागं गेले का घाम सुटते, काहीबाही बरळतेत आन् तासातच बसून घेतेत. साखरपाणी पाजलं का दहा मिनिटांत उठतेत. गावात कोणी बाहेरचं म्हणे, कोणी मिरगी, शेवटी एक दिवस आशाताईनं बोट टोचून पाह्यलं त साखर 43! एका ठिकाणी पोटाचा सीटी काढला तेच्यात काहीच नाई, पैसे पाण्यात. आता नागपूरले पुन्हा काढला त स्वादुपिंडाच्या शेपटीत आर्टेरियल फेजमध्ये चमकणारी गाठ, न्यूरोएंडोक्राईन ट्युमरची (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ) शक्यता. शेजारचे मास्तर म्हणतेत स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हंजे सहा महिने. मामी तवापासून जेवून नाई राहिली.

रातपाळी_सीटी:
मास्तर सांगतेत तो अॅडेनोकार्सिनोमा (स्वादुपिंडाच्या नळीतून होणारा नेहमीचा कॅन्सर) भाऊ, अवयव एक पण आजार अलग. तो सीटीत बाजूच्या स्वादुपिंडापेक्षा काळपट दिसते आन् मागची नळी फुगवते. ह्या गाठीले रक्त भरपूर, म्हणून डाय (सीटीच्या वेळी शिरेतून देतेत ते औषध) सोडल्यावर 35-40 सेकंदांत, म्हंजे आर्टेरियल फेजमध्ये, बल्बावानी लागते आन् 70 सेकंदांच्या फोटोत बरेचदा बाजूच्या रंगात मिसळून जाते. पयल्या सीटीत तो लवकरचा फेज घेतलाच नसन त सुटली असन. दोन्ही सीटीच्या सीडी डॉक्टरले दाखवा, निस्ता रिपोर्टचा कागद नका नेऊ.

डॉक्टरबाई_वर्धा:
साखर 43 आणि अशी गाठ म्हटल्यावर पहिला संशय इन्सुलिनोमाचाच, म्हणजे जास्तीचं इन्सुलिन सोडून साखर पाडणाऱ्या गाठीचा. या गाठी बहुतेक एकट्या, 2 सेमीच्या आतल्या असतात आणि 10 पैकी 9 साध्या निघतात, काढल्या की सुटका. सीटीत आम्हाला काळजी वाटते ती गाठ मोठी असेल, कडा अस्पष्ट असतील, डाय कमी घेत असेल, नळी फुगली असेल, शिरांत शिरली असेल तर, आणि सगळ्यात जास्त यकृतात डाग दिसले तर. रिपोर्टात यकृत आणि लिम्फ नोड्सबद्दल (लसिकाग्रंथी) काय लिहिलंय ते आधी वाचा. खरी ग्रेड मात्र तुकडा तपासल्यावरच, केआय-67 (किती टक्के पेशी वाढीला लागल्यात तो आकडा) 3 टक्क्यांच्या खाली असेल तर जी1, म्हणजे सगळ्यात सौम्य, 3 ते 20 जी2, त्यावर जी3. साखर कमी असतानाच इन्सुलिन आणि सी-पेप्टाईड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते यावरून कळतं) तपासावं लागतं, त्यासाठी उपाशी ठेवतात पण ते भरती करूनच, घरी हा प्रयोग अजिबात नको!! मामांना उपास बंद सांगा.

संत्रीबाग:
आमच्या काकूचं हेच होतं, दुर्बिणीतून काढली. नंतर काही दिवस साखर उलटी वाढली तवा घाबरलो होतो पण उतरली. तवरक मामाच्या खिशात गुळाचा खडा ठेवा, आन् वावरात एकटं नका धाडू. सरकारच्या मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेचं दवाखान्यातल्या आरोग्यमित्राले विचारा.

डवरेवाला:
लिव्हर नॉर्मल, नोड्स नाई लिहून हाय. मामीले वाचून दाखवलं, अर्धी भाकर खाल्ली. डॉक्टर मॅडम, उपासाचंच अवघड हाय, मामा म्हणतेत बाकी सगळं ऐकीन पण गजानन महाराजाचा गुरुवार नाई सोडत. उद्या गुरुवारच हाय.

डॉक्टरबाई_वर्धा:
मग सकाळी उठल्या उठल्या महाराजांचा प्रसाद म्हणून पेढा आणि केळं द्या, आणि दर दोन-तीन तासांनी प्रसाद चालूच ठेवा.