अहिराणी रील्स करतो, अ‍ॅड आणि टीव्हीत कॉमेडी डायरेक्टर व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

भुसावळचा_भो: दोन वर्षं झाली अहिराणी कॉमेडी रील्स करतोय, शूट-एडिट सगळं मीच, एका साडीच्या दुकानाची अ‍ॅडपण केली (पैसे अजून अर्धेच आलेत). आता डायरेक्शनच करायचंय, तर मुंबई गाठू का आधी कोर्स करू?

धुळेकर_मुंबईत: कोर्सच करायचा तर पुण्याला एफटीआयआयचा (सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट) टीव्ही डायरेक्शनचा १ वर्षाचा आहे, पण ग्रॅज्युएशन लागतं. मी बिनकोर्सचा, असिस्टंट म्हणून लागलो, पहिले सहा महिने नुसतं शॉटआधी क्लॅप मारणं आणि चहा आणणं. अ‍ॅडमध्ये ३० सेकंद असतात भो, हशा नेमका कुठल्या फ्रेमला पडणार यावरच दिवस जातो, टीव्हीला उलट, एपिसोड वेळेत द्यायचाच म्हणजे द्यायचाच, मग बरंचसं नटाच्या टायमिंगवर सोडावं लागतं.

चोपड्याची_ताई: प्रसून पांडेंची फेविकॉलची बसवाली अ‍ॅड बघ, एक डायलॉग नाही. तुझ्या रील्समध्ये सगळे नुसते ओरडतात रे दादा. पण साडीच्या अ‍ॅडमधली ती म्हातारी पदर चाचपत नुसती बघत बसते ना, तो शॉट भारीये, शोरीलमध्ये (आपलं काम दाखवायच्या व्हिडिओत) तोच पहिला टाक.

भुसावळचा_भो: ताई ती माझी आजी आहे, कॅमेरा चालू आहे हे तिला माहीतच नव्हतं 😅