विलेन: भूदास, वेठबिगार की कूळ?

दुभाष्या
१३८१ च्या इंग्लंडमधल्या शेतकरी उठावावरचा एक लेख मराठीत करतो आहे आणि ‘विलेन’, म्हणजे जमीनमालकाशी बांधलेला शेतकरी, या शब्दापाशी अडलो आहे. शाळेच्या पुस्तकात ‘भूदास’ वाचल्याचं आठवतं. पण लेखातले विलेन गाईबैल बाळगतात, हंगामाला मजूर लावतात, आपापसात जमिनीची देवघेव करतात, मॅनरच्या, म्हणजे जमीनदाराच्या जहागिरीच्या, न्यायसभेत पंच म्हणूनही बसतात. त्यांना ‘दास’ म्हणायला हात धजत नाही. ‘कॉपीहोल्ड’, ‘कॉमन्स’ आणि ‘व्हिकर’ हेही पुढे आहेतच.

कट्टेकरी
सिनेमातल्या विलनचा याच्याशी काही संबंध?

दप्तरदार
सख्खा. लॅटिन ‘व्हिल्ला’ म्हणजे जमीनदाराची शेतवाडी, तिथला माणूस तो ‘व्हिलानुस’. आधी नुसता गावकरी, मग गावंढळ, मग नीच आणि शेवटी खलनायक. लिहिता येणारे वाड्यातले होते, शेतातले नव्हते, शब्द घसरणारच.

आता भूदास. मला तो चुकीचाच वाटतो. १०८६ साली पहिल्या विल्यमने केलेल्या डूम्सडे पाहणीत, म्हणजे देशातल्या जमिनी आणि माणसांच्या मोजणीत, गुलाम वेगळे मोजले आहेत, नोंदलेल्या माणसांत सुमारे दहा टक्के. व्हिलानुस हे त्यांच्याहून निराळे आणि संख्येने कितीतरी जास्त. पुढच्या शतकात गुलाम जवळपास नाहीसे झाले. ‘दास’ हा शब्द विलेनवर खर्च केला, तर त्या खऱ्या दासांना काय म्हणणार?

विलेनचं बंधन पक्कं झालं ते बाराव्या शतकाच्या अखेरीस. राजाची न्यायालयं जमिनीचे तंटे ऐकू लागली, तेव्हा प्रश्न आला की तिथे यायचा हक्क कोणाला. मोकळ्या माणसाला होता. विलेनने आपल्या जमिनीसाठी मालकाच्याच न्यायसभेत जायचं. पण तिसऱ्याच कोणी त्याला मारलं किंवा लुटलं, तर तो राजाच्या न्यायालयात इतरांसारखाच उभा राहू शके. तो बांधलेला होता फक्त आपल्या मालकापुढे.

बाकी देणी म्हणाल तर पुष्कळ. मुलीचं लग्न करायचं तर ‘मर्चेट’, मॅनरबाहेर राहायचं तर दरवर्षी ‘शेव्हेज’. माणूस मेला की ‘हेरियट’, म्हणजे गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाचं. त्याच्या खालोखालचं बहुतेक वेळा चर्च नेई.

रानवाट
मग वेठबिगार का नको? आठवड्यातले दोन-तीन दिवस मालकाच्या खासगी शेतात फुकट राबायचेच ना?

दप्तरदार
राबायचे, पण सगळीकडे नाही आणि सगळ्या काळात नाही. चौदाव्या शतकात बऱ्याच ठिकाणी त्या दिवसांच्या बदली पैसे ठरले होते. १३४८ च्या जूनमध्ये डॉर्सेटच्या किनाऱ्यावर प्लेग उतरला. पुढच्या दीडेक वर्षात देशातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. माणसं कमी, जमीन तेवढीच, मजुरी चढली. १३४९ चा हुकूम आणि १३५१ चा कायदा म्हणाला, मजुरी साथीच्या आधीच्याच दराने घ्यायची. ढिली पडलेली बंधनं काही मालकांनी याच काळात पुन्हा आवळली.

म्हणून उठावातली मागणी नीट वाचा. १४ जूनला लंडनबाहेर माईल एंडला एसेक्सचे लोक चौदा वर्षांच्या दुसऱ्या रिचर्डला भेटले. त्यांचं म्हणणं होतं की विलेनपण रद्द करा आणि जमीन एकरी चार पेन्स खंडाने द्या. जमीन फुकट मागत नव्हते, खंड द्यायला तयार होते. हे वेठबिगाराचं बोलणं नाही, कुळाचं आहे.

साष्टीकार
आमच्या गोव्यात भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा तो मुंडकार. भाटकाराच्या मर्जीवर त्याचं राहणं. हा शब्द चालेल?

दप्तरदार
मर्जीचा भाग जुळतो. पण मुंडकाराचा मुद्दा घराचा, १९७५ चा कायदाही त्याला घरातून काढू नये म्हणून झाला. विलेनचा मुद्दा कसायच्या जमिनीचा. शिवाय घाटावरच्या वाचकाला तळटीप द्यावी लागेल ती वेगळीच.

रानवाट
‘कूळ’ म्हटलं की माझ्या डोक्यात १९४८ चा कूळकायदा येतो. विलेनला असा कायदा कधी मिळाला?

दप्तरदार
कधीच नाही. माईल एंडला राजाने मुक्तीच्या सनदा लिहून दिल्या खऱ्या. २ जुलैला त्या मागे घेतल्या. त्यानंतरही संसदेने विलेनपण रद्द केल्याचा कायदा केला नाही. ते आपोआप विरत गेलं. १५७४ सालीसुद्धा पहिल्या एलिझाबेथच्या जमिनींवर उरलेल्या बांधील माणसांना मोबदला घेऊन मोकळं करायचं काम चालू होतं.

नुसतं ‘कूळ’ मात्र पुरणार नाही, कारण मोकळी कुळंही होती. मी ‘बांधील कूळ’ म्हणेन. आणि एक खोच लक्षात ठेवा: जमीन बांधील असू शके आणि ती करणारा मोकळा. साथीनंतर जमिनी ओस पडल्या तेव्हा मोकळी माणसंही अशा जमिनी घेत. जमिनीवरची देणी देत, पण रक्ताने मोकळीच राहत. तेव्हा ‘जन्माने बांधील’ आणि ‘बांधील जमीन’ हे दोन्ही लागतील.

दुभाष्या
बांधील कूळ घेतो. कॉपीहोल्डला ‘उताऱ्यावरची जमीन’ म्हणू का? सातबारा उतारा सगळ्यांना माहीत आहे.

दप्तरदार
‘नकलेवरची जमीन’ म्हणा. सातबारा सरकारी दप्तरातला. इथे दप्तर मालकाचं. जमीन बापाकडून मुलाकडे गेली की मॅनरच्या न्यायसभेच्या गुंडाळीत नोंद व्हायची आणि कुळाला तिची नक्कल मिळायची. त्या गावची वहिवाट काय, हेही त्याच गुंडाळ्यांतून ठरे.

यात एक विचित्र गोष्ट आहे. १३८१ मध्ये उठाववाल्यांनी जागोजागी याच गुंडाळ्या जाळल्या, कारण कोणाचा आजा बांधील होता हे त्यांत लिहिलेलं. पुढच्या शतकात त्याच नोंदीची नक्कल कुळाच्या हक्काचा पुरावा झाली, आणि पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून राजाची न्यायालयंही तिला हळूहळू मानू लागली. ही पद्धत अधिकृतपणे संपली १ जानेवारी १९२६ ला!

कट्टेकरी
१९२६? आमचे आजोबा तेव्हा शाळेत होते.

मोडीवाचक
व्हिकरबद्दल लिहितो. ‘पाद्री’ लिहिलंत तर अर्थ निम्मा सांडतो. चर्चला उत्पन्नाचा दशांश मिळे. धान्य-गवताचा मोठा दशांश रेक्टरचा, म्हणजे गावच्या चर्चच्या उत्पन्नाच्या मुख्य हक्कदाराचा. पुष्कळ गावांत रेक्टर म्हणजे दूरचा एखादा मठच. तो उत्पन्न घेई आणि गावात आपल्या वतीने व्हिकर नेमी. त्याच्या वाट्याला बहुधा लहानसहान दशांश. लॅटिनमध्येही अर्थ ‘बदली माणूस’. आपल्याकडे वतनदाराच्या वतीने काम पाहणाऱ्याला मुतालिक म्हणत. ‘मुतालिक पाद्री’ एकदा लिहा, पुढे व्हिकर चालेल.

मठ हा जमीनदारही होता, हे लेखात येऊ द्या. सेंट ऑल्बन्सच्या मठाने लोकांना घरी दळू दिलं नाही, सगळ्यांनी मठाच्याच चक्कीवर यायचं. लोकांची जाती जप्त करून मठाधिपतीने आपल्या दालनाच्या जमिनीत फरशीसारखी बसवली होती. १३८१ मध्ये लोकांनी ती उखडली आणि तुकडे चर्चमधल्या प्रसादाच्या पावासारखे वाटून घेतले.

रानवाट
तेवढ्या एका घटनेवर लेख लिहा, मी वाचेन.

दुभाष्या
कॉमन्स?

मोडीवाचक
दोन शब्द वापरा. उठाववाल्यांची खूण होती, ‘तू कोणाचा?’ आणि उत्तर, ‘रिचर्ड राजाचा आणि खऱ्या कॉमन्सचा.’ इथे ‘रयत’ चपखल. राजावर राग नव्हता, त्याच्याभोवतीच्या मंडळींवर होता. चॅन्सेलर, म्हणजे राजाचा बडा मंत्री, असलेल्या आर्चबिशप सडबरीचं डोकं त्यांनी उडवलं. पण संसदेतले कॉमन्स म्हणजे परगण्यांचे नाइट (सरदार) आणि शहरांचे प्रतिनिधी. मजुरी बांधणारे तेच, आणि १३८० च्या अखेरीस पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकामागे सरासरी बारा पेन्स डोईपट्टी मंजूर करणारेही तेच. तिथे ‘कॉमन्स सभा’. उठाववाल्यांनी ‘खऱ्या’ हा शब्द का घातला, ते मग वाचकाला आपसूक कळेल.

दुभाष्या
पहिलं वाक्य असं केलं: ‘एसेक्स आणि केंटची बांधील कुळं डोईपट्टीविरुद्ध उठली आणि लंडनवर चालून गेली.’

दप्तरदार
केंट काढा. तिथल्या वहिवाटीने माणूस जन्मतः मोकळा मानला जाई. केंटमध्ये विलेनच नव्हते. ‘एसेक्सची बांधील कुळं आणि केंटची मोकळी माणसं’ असं लिहा.