मदत हवी आहे : बोअरच्या पाण्यात नायट्रेट, सांडपाणी कुठून शिरत असेल?

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात धायरीला राहतो. टँकर परवडेना म्हणून गेल्या उन्हाळ्यात सोसायटीने २२० फुटांची बोअर घेतली. आता तपासणीत नायट्रेट लिटरला ६८ मिलिग्रॅम आलंय. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ आहे. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ, वास नाही, चव नाही, म्हणूनच जास्त काळजी वाटते. इमारतीत दोन तान्ही बाळं आहेत. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं, हे घरोघरी जाऊन सांगितलंय.

बोअर मारताना ४० फुटांवर लाल मातीचा थर लागला होता, खाली पांढरे खडे अडकलेला काळा पाषाण. दख्खनच्या या लाव्हाच्या खडकात पाणी भेगांतून आणि दोन थरांच्या मधून वाहतं, एवढं वाचलंय. बोअरपासून पंधरा पावलांवर पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचा पुनर्भरणाचा खड्डा आहे आणि त्याला लागूनच ड्रेनेजचं चेंबर. मला तरी संशय तिथलाच येतो.

चेंबरमध्ये रंग सोडून गळती कळेल का? केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, आणखी खाली नेऊन उपयोग होईल का? कुणी असं काम करून घेतलं असेल तर कृपया सांगा. पाऊस सुरू व्हायच्या आत काहीतरी करायचंय.