११ मिमीचा मुतखडा: शॉकवेव्ह की दुर्बिणीतून लेसर?

प्रश्न: खडा डाव्या किडनीच्या खालच्या कप्प्यात, सीटीत घनता १२५० एचयू (हाउन्सफिल्ड युनिट, सीटीवर घनता मोजायचं माप). रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. दोन डॉक्टरांची दोन मतं पडली: एक म्हणतात शॉकवेव्ह (शरीराबाहेरून धक्के देऊन खडा फोडणं), दुसरे म्हणतात लेसर (लघवीच्या मार्गाने दुर्बीण आत नेऊन खडा फोडणं). काय बघून ठरवायचं?

उत्तर १: आधी घनता. १००० एचयूच्या वरचा खडा टणक, शॉकवेव्हने नीट फुटत नाही. फुटला तरी खालच्या कप्प्यातला चुरा वर चढून बाहेर पडावा लागतो. बराचसा तिथेच बसतो आणि पुन्हा वाढतो. माझं मत लेसरकडे.

उत्तर २: सहमत. शिवाय रक्त पातळ असताना शॉकवेव्ह दिली तर किडनीभोवती रक्तस्राव होऊ शकतो. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारा. लेसरआधी लघवीचं कल्चर (जंतू आहेत का ते बघणारी तपासणी) हवंच. जंतू असताना दुर्बिणीतून आत दाबाने पाणी सोडलं की ते रक्तात शिरतात. मग हुडहुडी भरून येणारा ताप जिवावर बेतू शकतो.

प्रश्नकर्ता: लेसरनंतर किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत ठेवतात ती नळी, म्हणजे स्टेंट, किती दिवस?

उत्तर २: बहुतेकदा एक-दोन आठवडे. जळजळ, लघवी करताना कमरेत कळ, थोडी लालसर लघवी हे चालतं. ताप आला तर लगेच दवाखाना. काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, विसरलेल्या स्टेंटवरच खडे चढतात.

उत्तर ३: शॉकवेव्ह सरसकट बाद करू नका. १ सेंमीच्या आतला, वरच्या कप्प्यातला, कमी घनतेचा खडा असेल तर चिरफाड नाही, त्याच दिवशी घरी. धक्के मिनिटाला ६०च्या आसपास द्यायला सांगा. १२०च्या घाईपेक्षा चुरा बारीक होतो.