मदत हवी आहे: पॅन-मॅस चॅलेंजला नऊ आठवडे उरलेत. चेन उडते, बोटं बधिर होतात, देणग्या ४० टक्क्यांवर अडकल्यात

सरळरेषा

ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारची पॅन-मॅस चॅलेंज, म्हणजे मॅसॅच्युसेट्समधली कर्करोग संस्थेसाठी देणग्या गोळा करणारी सायकल राइड; प्रत्येकाला ठरलेली किमान रक्कम जमवावी लागते. मार्ग दोन दिवसांचा: शनिवारी स्टरब्रिज ते बोर्न, साधारण ११० मैल, रविवारी बोर्न ते प्रॉव्हिन्सटाउन, ८० च्या आत. सगळी माहिती आधीच देतो, म्हणजे उलटतपासणी वाचेल.

वजन ७८ किलो. ॲल्युमिनियम फ्रेमची रोड सायकल, गिअर शिमानो १०५ आर७०००, ११ स्पीड. पुढच्या चक्रांचे दात ५०-३४, मागच्यांचे ११-२८. टायर २८ मिमी, आत ट्यूब, हवा १०० पीएसआय. आजवरचा सर्वांत लांब पल्ला ४५ मैल.

१. चेन महिन्यापूर्वी नवी टाकली. तेव्हापासून चढावर उभं राहून जोर लावला की मागच्या मधल्या दोन चक्रांवर उडते. बाकी गिअर ठीक.
२. ३५ मैलांनंतर करंगळी आणि शेजारचं बोट बधिर, दोन्ही हातांची.
३. तीन तासांनंतर पोट जड होतं, मळमळतं. दर ४० मिनिटांनी एक एनर्जी जेल (साखरेचा घट्ट पाक) आणि बाटलीत स्पोर्ट्स ड्रिंक चालू असतं.
४. सरावाचा तक्ता हवा आहे. आठवड्यात दोन संध्याकाळी आणि शनिवार-रविवार मिळतात.
५. देणग्या किमान रकमेच्या ४० टक्क्यांवर थांबल्यात. व्हॉट्सॲपवर तीनदा लिंक टाकून झाली.

---

बारा_दाती

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. चेन नवी, कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) जुनी. जुनी चेन झिजून लांबली तेव्हा तिनं तुमची नेहमीची दोन चक्रंही आपल्या मापाची करून टाकली. नवी चेन त्या दातांवर नीट बसत नाही आणि जोर आला की दातावरून वर चढते. केबल ताणून, स्क्रू फिरवून हे जाणार नाही. कॅसेट बदला.

सगळ्याच गिअरमध्ये दर काही फेऱ्यांनी एकदा टक् झालं असतं, तर चेनची एखादी कडी आखडलीय म्हटलं असतं. नुसती खरखर असती, गिअर पडायला वेळ लागत असता, तर केबलचा ताण: डिरेलरजवळचा (डिरेलर म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून बघायचा. तुमचं दोन्हींपैकी काही नाही.

बदलतच आहात तर मोठी कॅसेट घ्या. स्टरब्रिजकडचे पहिले ३०-४० मैल सतत वर-खाली आहेत आणि तिथे २८ वर उभं राहून मारलेल्या पेडलांचा हिशोब दुपारी द्यावा लागतो. घेण्याआधी मागच्या डिरेलरच्या पिंजऱ्याची आतली बाजू बघा, एसएस (आखूड पिंजरा) किंवा जीएस (मध्यम पिंजरा) अशी अक्षरं असतात. एसएस असेल तर ३० दातांच्या पुढे जाऊ नका. जीएस असेल तर ११-३४ चालते.

११-३४ मध्ये लोक हमखास एक गोष्ट विसरतात. ती कॅसेट ११ स्पीडच्या रोड हबवर (मागच्या चाकाच्या मधल्या भागावर) बसवताना आधी १.८५ मिमीची चकती टाकावी लागते. नाही टाकली तर लॉकरिंग (कॅसेट आवळून धरणारी रिंग) पूर्ण आवळूनही कॅसेट हबवर डगडगते आणि तुम्ही पुढचे दोन आठवडे गिअर लावत बसता. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळा.

मग चेनची लांबी. तुमची चेन २८ च्या हिशोबानं कापलेली आहे. डिरेलरमधून न ओवता ती पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावरून गुंडाळा. टोकं जुळून वर दोन कड्या उरायला हव्यात. कमी पडली तर दुसरी चेन आणा. आखूड चेननं मोठं-मोठं गिअर पडलं की डिरेलर मोडतो, हँगरही (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकतो.

हे सगळं या आठवड्यात उरका. राइडच्या आदल्या रात्री नवीन कॅसेट लावणाऱ्यांची दुकानाच्या तंबूसमोर लागणारी रांग वाढवू नका.

---

वारा_समोरून

बधिर बोटांसाठी सीटचं नाक थोडं खाली करा. पुढचा दाब कमी होतो.

---

मोजपट्टी

@वारा_समोरून, नेमकं उलटं होईल. नाक खाली गेलं की माणूस पुढे घसरतो आणि स्वतःला हातांनी मागे रेटत राहतो. तळहाताच्या करंगळीकडच्या उशीखालून अल्नर नस जाते. ती हँडलवर चेपली जाते, म्हणून नेमकी हीच दोन बोटं बधिर होतात.

@सरळरेषा, चार गोष्टी, याच क्रमानं, आणि एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलानंतर किमान ३० मैल चालवा, नाहीतर फरक कशानं पडला ते कळत नाही.

सर्वांत आधी हवा. १०० पीएसआय फार आहे. टायरवर छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते, सल्ला नव्हे. ७८ किलोला २८ मिमीवर मागे ७५, पुढे ७० पासून सुरू करा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर एवढ्यानंच हाताला येणारी झिणझिण बरीच उतरते. पण ६० च्या खूप खाली नको. खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमला चेपते आणि सापाच्या दातांसारखी जोडभोकं पडतात.

मग सीट. सपाट जमिनीवर सायकल उभी करून सीटवर पाणसळ ठेवा, फोनमधली चालेल. सपाट, किंवा नाक जेमतेम एक अंश खाली. त्याहून जास्त नको. उंची बघायची तर पेडल सर्वांत खाली आणून त्यावर टाच टेकवा, गुडघा सरळ व्हायला हवा आणि कंबर एका बाजूला कलायला नको. बदल ३ मिमीच्या पावलांनी. गुडघा पुढून दुखू लागला तर सीट खाली आहे, मागून दुखला तर वर. ढोबळ नियम आहे, पण सुरुवातीला पुरतो.

तिसरं, हँडल लांब आहे का. हात ब्रेकच्या मुठीवर ठेवून कोपर सैल वाकत नसेल तर स्टेम (हँडल पुढे धरणारा जोड) १० मिमीनं आखूड घ्या.

चौथं फुकटात होतं: दर दहा मिनिटांनी हात हलवा. वर, मुठीवर, खाली.

जेलचे हातमोजे शेवटी. आधी ते घेतले की मूळ कारण झाकलं जातं. आणि उतरल्यावरही दुसऱ्या दिवशीपर्यंत बधिरपणा राहिला किंवा किल्ली फिरवताना पकड ढिली वाटली, तर डॉक्टर. मग सायकल बंद.

---

कोकमसरबत

पोटाचं बघू. एका जेलमध्ये २२-२५ ग्रॅम कर्बोदकं, त्यावर पाण्याऐवजी पुन्हा साखरेचं पेय. पोटात पाक साचतो, शरीर तो पातळ करायला आतड्यात पाणी ओढून घेतं, आणि तुम्हाला मळमळतं. जेल घेतला की २०० मिली साधं पाणी. म्हणजे दोन बाटल्यांपैकी एक कायम साध्या पाण्याची.

लक्ष्य तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं आणि ५०० ते ७५० मिली द्रव. ऑगस्टच्या दमट दिवशी वरचा आकडा. ६० ग्रॅम म्हणजे काय? एक मध्यम केळं २७ च्या आसपास, एक मेजूल खजूर १६-१८. तासाला एक केळं आणि दोन खजूर झाले की काम झालं. पहिले तीन तास असं चावून खायचं, नंतर पातळ आणि जेल. शेंगदाण्याची चिक्की सगळे नेतात, पण त्यातलं तेल पोटात रेंगाळतं. राजगिऱ्याची वडी बरी, फक्त तोंड कोरडं पडतं. उकडलेले छोटे बटाटे मीठ लावून पिशवीत घ्या. पाचव्या तासाला गोडाचा वीट येतो तेव्हा कळतं का ते.

घरचं पेय: १ लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर (सपाट पाच मोठे चमचे), पाव छोटा चमचा मीठ, एका लिंबाचा रस. पाव चमच्यात सुमारे ५७५ मिग्रॅ सोडियम येतं, लिटरला तेवढं पुरे. घाम फार खारट असेल, जर्सीवर पांढरे डाग पडत असतील, तर थोडं वाढवा.

नुसतं पाणी ढोसत राहणं हाही धोकाच. रक्तातलं सोडियम उतरलं की डोकं दुखतं, बोटं सुजतात, माणूस गोंधळतो. लोक ते उन्हाचं समजून आणखी पाणी पाजतात. सोपी खूण अशी की राइडनंतर वजन आधीपेक्षा वाढलेलं असेल तर तुम्ही जास्त प्यायलात.

पाण्याच्या थांब्यांवर टेबलं भरलेली असतात. पंगत समजू नका. डाइटन-रेहोबोथच्या जेवणाच्या थांब्यावर अर्धं सँडविच, एक फळ, बाटल्या भरा, निघा. तिथे २५ मिनिटांपेक्षा जास्त बसलात तर पाय आखडतात.

---

वारा_समोरून

सीटबद्दल मान्य, चुकलो. पाणसळ लावून बघतो माझीही.

सरावाबद्दल मात्र नक्की सांगतो. ११० मैल आधी एकदा पूर्ण करून बघायची गरज नाही. ही राइड शनिवारी मोडत नाही, रविवारी सकाळी मोडते. म्हणून पल्ला एका दिवसात रेटण्यापेक्षा लागोपाठचे दोन दिवस जमवा. शनिवार/रविवार, मैलांत:

४५/२०, ५०/२५, ५५/३०, मग एक हलका आठवडा ४०/०, पुढे ६५/३५, ७५/४५, ८५/५५, आणि आठव्याला ५०/२०. नवव्याच्या शेवटी राइडच, त्याआधी दोनदा ४५ मिनिटं आरामात.

मधल्या संध्याकाळी: एक दिवस तासभर सहज, एक दिवस चढ. सहा मिनिटांचे चार चढ, बोलता येईल पण वाक्य तुटेल इतक्या जोरात. मिनिटमॅन बाइकवेवर मैल मोजू नका. तो सपाट आहे, शनिवारी तिथे लहान मुलं आणि कुत्री असतात, आणि सारखं थांबावं लागतं. कॉनकॉर्ड-कार्लाइलचे रस्ते, पुढे हार्वर्ड गाव, बोल्टन. महिन्यातून एकदा वाचुसेट डोंगर.

८५/५५ चा आठवडा हीच रंगीत तालीम. तेच कपडे, तेच खाणं, तीच हवा. बिब शॉर्ट्सच्या (खांद्यावर पट्टे असलेल्या सायकलच्या चड्डीच्या) आत अंतर्वस्त्र नको. शिवण घासून रविवारी बसवत नाही. शॉर्ट्स दोन घ्या. बोर्नला रात्रीत धुतलेली सकाळी ओलीच असते.

---

सरळरेषा

पिंजऱ्यावर जीएस आहे. चकती मागवली. हवा ७५/७० केली, दहा मैलांतच फरक वाटला. पंक्चरचं किट काय घेऊ? आणि देणग्यांचं कोणीच बोललं नाही.

---

बारा_दाती

दोन ट्यूब, दोन प्लास्टिकचे टायर लिव्हर, छोटा पंप, १६ ग्रॅमची दोन सीओटू नळकांडी, चेनची एक जोडकडी, ॲलन कीचा जुडगा. ट्यूबच्या व्हॉल्व्हची लांबी रिमच्या खोलीशी जुळतेय ना बघा. आखूड व्हॉल्व्ह रिमच्या बाहेर येतच नाही आणि ते कळतं रस्त्याच्या कडेला.

नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, हळू. काचेचा बारीक तुकडा तिथेच रुतलेला असतो आणि नवी ट्यूब दोन मैलांत बसते. टायर कडेला फाटला असेल तर एक डॉलरची नोट चौपट घडी करून आतून लावा, कमी हवेवर थांब्यापर्यंत पोचता. सीओटू रबरातून झिरपतो. शनिवारी भरला असेल तर रात्री सोडून पंपानं साधी हवा भरा, नाहीतर रविवारी पहाटे टायर मऊ.

---

पावतीपुस्तक

आता देणग्या. ग्रुपवर टाकलेली लिंक सगळ्यांची असते, म्हणून कोणाचीच नसते. एकेकाला स्वतंत्र मेल, नावानं, रक्कम सुचवून. ‘जमेल तेवढं’ लिहिलं की समोरचा ‘नंतर बघू’ म्हणतो.

मेलमध्ये तीन गोष्टी पुरतात. राइडरनं गोळा केलेला प्रत्येक डॉलर जसाच्या तसा डेना-फार्बर कर्करोग संस्थेला जातो. १९८० मध्ये ३६ जणांनी १०,२०० डॉलर जमवून हे सुरू केलं. तिसरी आपल्या लोकांना सांगण्यासारखी: १९४७-४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन दिलं, त्यांतल्या १० मुलांचा आजार काही काळ मागे हटला. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं तिथलं संशोधन मद्रासला शिकलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली चाललं होतं. ही ओळ वाचून उत्तर देणारे बरेच असतात.

नोकरीवाल्या प्रत्येक देणगीदाराला विचारा: कंपनी तेवढीच रक्कम घालते का? अर्ज देणगीदारानंच कंपनीच्या पोर्टलवर करायचा असतो, तुम्ही करू शकत नाही. पैसे यायला महिने लागतात, म्हणून आज सांगा. तुटीची रक्कम तुमच्या कार्डावर पडते हे लक्षात असेलच.

भारतातल्या काका-मामांकडे आग्रह धरू नका. परदेशी संस्थेच्या देणगीवर त्यांना ८०जी ची करसवलत नाही आणि कार्डही अनेकदा अडतं. कोणाला द्यायचंच असेल तर परळच्या टाटा मेमोरियलला थेट द्या म्हणावं. तुमच्या आकड्यात ते येणार नाही.

दुसरा मेल राइडच्या दोन आठवडे आधी, तिसरा राइडनंतर दोन दिवसांत, प्रॉव्हिन्सटाउनच्या फोटोसकट. तिसरा चुकवू नका. ‘आधी पूर्ण तर करू दे’ म्हणून थांबलेले तेव्हा देतात.

---

वारा_समोरून

रविवारचं राहिलं. निघताना पुरता उजेड नसतो, मागचा लाल दिवा हवाच. सुरुवातीलाच बोर्न पूल, थंड पायांनी आणि दाटीत. तिथे ओव्हरटेक नको, पुलावरचे सांधे काटकोनात ओलांडा. ट्रुरोचे चढ छोटे आहेत, पण शेवटाला येतात. पुढे वाळूच्या टेकड्यांमधून वारा समोरून आला तर चौघांनी मिळून आळीपाळीनं पुढे राहा, प्रत्येकी दोन मिनिटं, पुढच्याच्या चाकावर आपलं चाक चढू न देता.

परतीची बोट की बस, ते आताच ठरवून नोंदवा. सायकल ट्रकमधून वेगळी येते. ट्रकमध्ये देण्याआधी कॉम्प्युटर, दिवे, सीटखालची पिशवी काढा, चेन मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर आणा म्हणजे डिरेलर आत राहतो, आणि तुमचा नंबर फ्रेमवर घट्ट आहे ना ते बघा.