गो मध्ये प्रायॉरिटी क्यू: स्वतः लिहायची की बाहेरची लायब्ररी घ्यायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची एक नोटिफिकेशनची सर्व्हिस जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतून गो 1.23 वर आणायचं चाललंय. ज्याची वेळ आधी ते आधी बाहेर पडलं पाहिजे, आणि कुणी रद्द केलं किंवा वेळ बदलली तर मधलंच काढता आलं पाहिजे, एवढंच काम. रांगेत एका वेळी लाखभर तरी असतात.

जावात प्रायॉरिटी क्यू (ज्याचा अग्रक्रम आधी ते आधी बाहेर देणारी रांग) 2004 पासून आयती मिळते. गो मध्ये त्यासाठी कंटेनर/हीप हे पॅकेज आहे (हीप म्हणजे सगळ्यात लहान एलिमेंट पटकन देणारी रचना), पण लेन, लेस, स्वॅप, पुश, पॉप या पाचही मेथड आपणच लिहायच्या. त्यातही आपल्या पॉपने स्लाइसमधला (गोमधल्या यादीतला) शेवटचा एलिमेंट काढायचा असतो, कारण हीप.पॉप सगळ्यात लहान एलिमेंट आधी शेवटी नेऊन ठेवतं आणि मग आपलं पॉप कॉल करतं. टीममधली नवीन मुलं नेमकी इथेच अडकतात. शिवाय सगळं एनी (कुठलीही व्हॅल्यू चालणारा टाइप) मधून जातं, म्हणजे भलताच टाइप पुश केला तरी कंपायलर गप्प, आणि चालू असताना टाइप असर्शनवर (टाइप हाच आहे असं गृहीत धरतो तिथे) सरळ पॅनिक, म्हणजे प्रोग्रॅम कोसळतो.

2022 ला गो 1.18 मध्ये जेनेरिक्स (एकच कोड वेगवेगळ्या टाइपसाठी वापरायची सोय) आले, 1.21 मध्ये स्लाइसेस आणि मॅप्स ही पॅकेजेस आली, पण सेटसाठी (एकही गोष्ट दोनदा नसलेला संच) अजून मॅपमध्ये रिकामा स्ट्रक्ट भरत बसायचं आणि युनियन, इंटरसेक्शनचे लूप हाताने लिहायचे. गो 1 चं कंपॅटिबिलिटीचं (जुना कोड पुढेही चालेल असं) वचन आहे, एकदा आत घेतलेलं काढता येत नाही, म्हणून गोची टीम जपून पावलं टाकतात हे पटतं मला. तरी सेट आणि हीप इतक्या रोजच्या गोष्टी आहेत की त्या स्टँडर्ड लायब्ररीतच हव्यात असं मनापासून वाटतं, नाहीतर प्रत्येक टीम तेच परत लिहिते आणि टेस्ट मात्र अर्धवट.

आता अडलंय कुठे तर कंटेनर/हीपवर जेनेरिक रॅपर लिहितोय, पण हीप.रिमूव्ह (मधलं काढायला) आणि हीप.फिक्स (वेळ बदलल्यावर जागा नीट करायला) दोन्हींना इंडेक्स, म्हणजे स्लाइसमधली जागा, लागतो, आणि तो स्वॅपमध्ये दरवेळी अपडेट केला नाही तर दुसऱ्याच कुणाचं नोटिफिकेशन रद्द होईल. हा इंडेक्स एलिमेंटमध्येच ठेवायचा, कॉलबॅकने कळवायचा, की आयडीवरून शोधायला रॅपरमध्ये वेगळा मॅप ठेवायचा?

आणि "पुढच्या तासाभरातली सगळी दाखवा" हेही हवंय, जे हीपमधून नीट निघत नाही. त्यासाठी सॉर्टेड स्लाइस ठेवून बायनरी सर्च पुरेल का, की मध्ये इन्सर्ट करताना मागचं सगळं सरकवण्यात वेळ जाईल आणि बी-ट्रीची (क्रमाने लावून ठेवणाऱ्या झाडासारख्या रचनेची) लायब्ररीच घ्यावी लागेल? प्रॉडक्शनमध्ये कुणी चालवलं असेल तर प्लीज सांगा, बेंचमार्क असतील तर सोन्याहून पिवळं.