शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, आणि शाळा म्हणते इंजेक्शन देणार नाही. कायदा आहे का काही?

इंदिरानगरची आई:
मुलगी दुसरीत आहे, शेंगदाण्याची जबर अ‍ॅलर्जी. आता आपल्याकडे कूट कशात नसतं सांगा, खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, आणि वर्गात पोरं डबे वाटूनच खातात. मागे ओठ सुजले, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला, घरी होती म्हणून लगेच दवाखान्यात नेता आलं. डॉक्टरांनी अशा वेळी टोचायचं अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन लिहून दिलंय पण शाळा म्हणते आम्ही फक्त फोन करू. मी सातपूरला कामाला, मी पोचेपर्यंत काय?

पंचवटीकर:
ताई, शाळेवर थेट बंधन घालणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाहीये. पाकिटावर शेंगदाणा, दूध, अंडं वगैरे छापायचा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे, पण घरच्या डब्याला कुठलं लेबल. 2020 चे शाळेतल्या खाण्याचे नियम आहेत त्यांचा भर जंक फूडवर. कॅनडात ओंटारिओमध्ये सब्रिना शॅनन नावाची 13 वर्षांची मुलगी 2003 मध्ये शाळेत अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन येऊन दगावली, मग तिच्या नावाने कायदा झाला, 1 जानेवारी 2006 पासून लागू. प्रत्येक अशा मुलाचा लेखी प्लॅन, स्टाफला ट्रेनिंग, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चांगल्या हेतूने इंजेक्शन दिलं तर शिक्षकावर दावा लागत नाही. आपले शिक्षक निर्दयी नाहीत हो, घाबरतात, आणि ती भीती कायदाच काढू शकतो.

सिडकोतली नर्स:
कायदा होईल तेव्हा होईल, आधी डॉक्टरांकडून लेखी प्लॅन घ्या, लक्षणं काय, कधी टोचायचं, डोस किती, खाली सही. अ‍ॅव्हिल, म्हणजे अ‍ॅलर्जीचं नेहमीचं औषध, देऊन वाट बघत बसणं सगळ्यात धोक्याचं, त्याने खाज कमी होते, बंद होणारा श्वास नाही. अ‍ॅड्रिनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि लगेच 108. मुलीला आडवं ठेवा, दम लागत असेल तर बसू द्या, पण चालवत ऑफिसपर्यंत नेऊ नका. अडचण अशी की डोस भरलेलं तयार इंजेक्शन-पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) स्वस्त असते पण ती फोडून वजनाप्रमाणे डोस भरायचा, ते बाईंना आधी कुणीतरी हाताने करून दाखवायला हवं. मी येईन शाळेत, मेसेज करा.

इंदिरानगरची आई:
खूप आधार वाटला ताई, मेसेज करते. सोमवारी मुख्याध्यापकांना प्लॅनसकट पत्र देणार आहे आणि पालक-शिक्षक संघातही विषय काढणार. नाशकात अजून कुणाच्या मुलांना असा त्रास असेल तर प्लीज सोबत या, एकटीचं पत्र नुसतं फाईलला लागतं.